ओस गावांतून उभे राहिलेले राज्य

शके १५५१ च्या फाल्गुन महिन्यात, म्हणजे इसवी सन १६३० च्या फेब्रुवारीत, शिवनेरी किल्ल्यावर शिवाजी महाराजांचा जन्म झाला, आणि त्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात गुजरात, खानदेश व दख्खन एवढ्या विस्तीर्ण प्रदेशावर आकाश कोरडे राहिले. त्या वर्षी सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्याकडे निघालेल्या पीटर मंडी नावाच्या इंग्रज कंपनीच्या नोकराने वाटेवर जे पाहिले ते आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे. रस्त्याच्या कडेला पडलेली प्रेते, मुक्कामासाठी तंबू ठोकावयास शोधूनही न मिळणारी मोकळी जागा, आणि जनावरांच्या शेणातून न पचलेले दाणे वेचून खाणारी माणसे यांचे त्याने केलेले वर्णन आजही वाचवत नाही. शाहजहान बादशहाच्या दरबारी इतिहासकारानेही या दुष्काळाची नोंद केली आहे. आणि ज्या दरबारास प्रजेचे हाल सहसा दिसत नसत त्यालाही ते दिसावेत, यावरून त्या आपत्तीची भीषणता ध्यानी यावी.

अवर्षणाबरोबर युद्धही आले. निजामशाही मोडण्यासाठी मोगलांच्या फौजा दख्खनेत उतरल्या होत्या, आदिलशाहीचे सरदार आपल्या परीने मुलूख तुडवीत होते, आणि त्याच धामधुमीत मुरार जगदेवाने पुणे कसबा जाळून उद्ध्वस्त केला. गावावर गाढवांचा नांगर फिरवून तेथे पहार ठोकली, म्हणजे येथे पुन्हा वस्ती होऊ नये असा जाहीर हुकूम केला, ही कथा पुढील काळातील लेखकांनी सांगितली आहे. त्याच पुण्यापासून काही कोसांवर, इंद्रायणीकाठच्या देहू गावी, वाण्याचा धंदा करणाऱ्या तुकोबांचे घर या दुष्काळात बसले. पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला. लोकांकडे येणे असलेल्या कर्जाच्या खतांपैकी आपल्या वाट्याची खते त्यांनी पुढे इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. ज्या कुळांकडून ते येणे वसूल व्हावयाचे, त्यांच्या घरी त्या वर्षी वसुलास काय उरले असेल, हे तुकोबांइतके कोणास कळणार होते?

ओस गाव म्हणजे काय, याची आज आपणांस नीट कल्पना येत नाही. मराठी मुलखातील गावाची दोन अंगे असत: घरेदारे जीवर उभी ती पांढरी आणि पीक जीत उभे राही ती काळी. पांढरी एकदा ओस पडली की काळीही दोन-तीन पावसाळ्यांत रान होऊन जाई. बांध फुटत, विहिरी गाळाने भरत, वाटांवर बाभळी व बोरी माजत, आणि मनुष्य निघून गेलेल्या शिवारात लांडगे व रानडुकरे वावरू लागत. जुन्या कागदांतून ‘बेचिराख’, ‘परागंदा’, ‘गतकुळी’ हे शब्द वारंवार भेटतात. वंश बुडालेल्या वा देशोधडीस लागलेल्या कुणब्याची जमीन ती गतकुळी जमीन, आणि सतराव्या शतकाच्या मध्यावर मावळातील व पुणे परगण्यातील गावोगाव अशा जमिनी पडून होत्या. त्या काळी भूमीची वाण नव्हती, वाण होती ती तिच्यावर राबणाऱ्या हातांची. म्हणून प्रत्येक राज्यकर्त्यास एक गोष्ट मनातून ठाऊक होती: किल्ला जिंकता येतो, ठाणे बसविता येते, परंतु कुणबी एका रात्रीत बैल, बायकामुले व बी-भांडे घेऊन डोंगरापलीकडच्या अमलात निघून गेला, तर त्या किल्ल्याखालचा मुलूख कागदावरच उरतो. निःशस्त्र रयतेजवळ असलेले सामर्थ्य ते हेच होते, आणि स्वराज्याच्या स्थापनेची कथा या सामर्थ्याचा जो मान राखला गेला त्याच्या पायावर उभी आहे, असे माझे मत आहे.

निजामशाही १६३६ साली संपली, शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत कर्नाटकाकडे गेले, आणि पुणे, सुपे, इंदापूर, चाकण या बाजूच्या त्यांच्या जहागिरीचा कारभार जिजाबाईंच्या देखरेखीखाली दादोजी कोंडदेवांनी चालविला. या कारभाराचे पहिले काम तलवारीचे नव्हते. परागंदा झालेल्या रयतेस परत बोलावणे, गावच्या मोकदमांस कौल देणे, पडीक जमिनीची लावणी करविणे आणि पिकांवर पडणाऱ्या श्वापदांचा बंदोबस्त करणे, असे ते काम होते. लांडगे मारून आणणाऱ्या मावळ्यांस इनामे दिल्याच्या कथा बखरींतून सांगितल्या आहेत त्या याच काळच्या. पुण्याच्या ओसाड भूमीवर सोन्याच्या फाळाचा नांगर धरल्याची आख्यायिका सर्वतोमुखी आहे. तिचा कागदी पुरावा कोणी मागितला तर तो देता येणार नाही. तथापि नव्या राज्याच्या आरंभाचे चिन्ह म्हणून लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या नांगर स्मरणात ठेवला, हे लोकस्मृतीचे साक्ष्य मला मोलाचे वाटते.

कौल म्हणजे सरकारने रयतेस दिलेले लेखी अभय. अमुक गावी या, अमुक जमीन करा, पहिल्या वर्षी सारा नाममात्र राहील, पुढे वर्षागणिक चढत जाऊन ठरलेल्या मुदतीने पूर्ण धाऱ्यास येईल, मध्यंतरी कोणाचा उपसर्ग लागणार नाही, असा त्याचा आशय असे; या चढत्या आकारणीस इस्तावा म्हणत. मलिक अंबराने निजामशाहीत घालून दिलेला धारा त्या वेळी सर्वांच्या परिचयाचा होता, आणि त्या धाऱ्यापर्यंत जमीन हळूहळू न्यावी हा नव्या वसाहतीचा मार्ग होता.

ही सवलत औदार्यापेक्षाही ज्ञानातून आलेली होती. देशावरील काळी जमीन चार वर्षे पडीक राहिली म्हणजे तिच्यात हरळी आणि कुंदा खोलवर मुळे धरतात. ती मुळे उपटावयाची तर उन्हाळ्यात, जमीन तापून भेगाळलेली असताना, सहा-सहा, आठ-आठ बैलांचा जड नांगर घालून हातभर खोल ढेकळे उलथावी लागतात, ती उन्हात वाळू द्यावी लागतात, आणि मग कुळवाच्या पाळ्यांवर पाळ्या देऊन मुळे वेचून बांधावर जाळावी लागतात. एका उन्हाळ्याने हे काम पुरे होईलच असे नाही. ज्याच्या दावणीस एकच बैल उरला आहे अशा कुणब्याने हे करावे कसे? तो शेजाऱ्याशी सावड करी, चार घरांचे बैल एका नांगरास जुंपून आज याचे तर उद्या त्याचे शेत काढी, इरजिकीला गाव बोलावी. आणि एवढे करून पहिल्या साली त्या रानातून जे पिके ते घरच्या पोटासही पुरत नसे. इस्ताव्याची प्रत्येक पायरी म्हणजे जमिनीच्या या परत येण्याची एकेक पायरी होती. ज्या कारकुनांनी त्या पायऱ्या ठरविल्या त्यांनी शेताच्या बांधावर उभे राहून नांगरट पाहिली असली पाहिजे.

जमीन पिकू लागली म्हणजे तिच्यावर हक्क सांगणारेही जागे होतात. दिवाण आणि कुणबी यांच्यामध्ये देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी अशी वतनदारांची उतरंड होती, आणि त्यांतील बळावलेल्यांनी गढ्या, बुरूज व वाडे बांधून दिवाणास थोडे द्यावे व रयतेकडून मनस्वी घ्यावे असा शिरस्ता पाडला होता. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस बसून शिवचरित्र लिहिणाऱ्या कृष्णाजी अनंत सभासदाने या प्रकाराचे वर्णन केले असून महाराजांनी त्यांचे हुडे व कोट पाडविले, बुरुजाचा वाडा बांधण्यास मनाई केली आणि वतनदारांचे हक्क नेमून दिले, असे तो सांगतो. महाराजांचे कारभारी अण्णाजी दत्तो यांनी केलेल्या जमीनमोजणीचे मापही सभासदाने नोंदविले आहे: चौदा तसूंचा हात, पाच हात व पाच मुठी मिळून ब्याऐंशी तसूंची काठी, वीस काठ्या औरसचौरस त्याचा बिघा, आणि एकशेवीस बिघ्यांचा चावर. पिकाचा अजमास पाहून त्याच्या पाच तक्षिमा कराव्या, तीन रयतेकडे राहाव्या व दोन दिवाणात याव्या, असा सरकारी वाटा ठरला.

पाचांतील दोन वाटे हा भार हलका नव्हे, आणि शिवकालीन शेतकरी सुखात लोळत होता असे चित्र रंगविणे इतिहासाशी प्रतारणा ठरेल. परंतु वाटा पिकलेल्या पिकावर होता, त्याची काठी एक होती, आणि ती कोणाच्या लहरीने लांब वा आखूड होणार नव्हती. खळ्यावर मळणी झाली, रास पडली, की आपले किती व सरकारचे किती हे अक्षरशत्रू कुणब्यासही बोटांवर मोजता येई. त्यापलीकडे मागणाऱ्यास तो प्रश्न विचारू शके, आणि प्रश्न विचारता येणे ही रयतपणातली फार मोठी गोष्ट आहे.

या शेतीचे महत्त्व स्वराज्याच्या शत्रूंनाही पुरते कळले होते. शाएस्तेखान पुण्यात तळ देऊन बसला असता, १६६२ च्या ऑक्टोबरात, महाराजांनी रोहिडखोऱ्याचे देशमुख सर्जेराव जेधे यांस पत्र पाठविले. मोगलांची फौज तुमच्या तर्फेवर येत आहे, म्हणून गावोगाव ताकीद करून बायकामुलांसह सारी रयत घाटाखाली जेथे शत्रूचा उपद्रव पोहोचणार नाही अशा ठिकाणी न्यावी, या कामास क्षणाचा विलंब लावू नये, रात्रीचा दिवस करावा, आणि कोणी हयगय केली व माणसे बंदी पडली तर ते पाप त्याच्या माथी बसेल, असा त्या पत्राचा मथितार्थ आहे. दरवाजे लावून किल्ल्यावर शिबंदी सुरक्षित बसली असती. पण खोऱ्यातली रयत गेली तर किल्ल्याने राखावे काय, हा विचार त्या आज्ञेमागे स्पष्ट दिसतो.

तीन वर्षांनी मिर्झाराजे जयसिंग आला तो याच मर्मावर घाव घालण्याचे ठरवून. पुरंदरास वेढा चालू असतानाच त्याने दाऊदखानासारख्या सरदारांच्या हाताखाली फौजा देऊन रोहिडा, राजगड, कोंढाणा यांच्या पायथ्याची गावे जाळविली, गुरे वळविली, माणसे कैद केली. १६६५ च्या जूनमध्ये पुरंदरचा तह झाला, त्यात २३ किल्ले मोगलांकडे गेले आणि १२ महाराजांकडे राहिले, हे आपण शाळेपासून घोकतो. परंतु त्याच तहात लिहिलेला दुसरा आकडा आपण विसरतो: गेलेल्या किल्ल्यांखालचा मुलूख सालीना ४ लक्ष होनांचा होता आणि राहिलेल्यांखालचा १ लक्ष होनांचा. तटबुरुजांची आणि तोफांची किंमत होनांत मोजता येत नाही. ते होन भातखाचरांतून, नाचणीच्या उतारावरून, ज्वारी-हरभऱ्याच्या शिवारातून उगवत होते. दोन बलाढ्य राजकारणी पुरुष त्या तंबूत समोरासमोर बसले, तेव्हा त्यांच्यामध्ये खऱ्या अर्थाने वाटणी झाली ती कुणब्याच्या श्रमाची.

आणि लढणारे तरी कोण होते? मावळातील पाईक हा घरचा शेतकरीच होता. दसऱ्यास सीमोल्लंघन करून लष्कराने मुलूखगिरीस निघावे आणि पावसाळ्याच्या तोंडी छावणीस परत यावे, हा फौजेचा क्रम सभासदाने दिला आहे. घोडदळाच्या सोयीइतकाच तो या भूमीच्या ऋतुचक्रास धरून होता. ज्येष्ठ-आषाढात जो हात खाचरात चिखलणी करी तोच कार्तिकात भाला धरी. त्याच्या गैरहजेरीत शेत सांभाळीत त्या घरच्या बायका. लावणी, खुरपणी, कापणी, झोडणी ही कामे त्यांच्या कमरेवर निभत, आणि मोहिमांच्या यादीत त्यांचे नाव कोठेही येत नाही.

राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळुणाकडील छावणीत असलेल्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांस गेलेले महाराजांचे पत्र या दृष्टीने वाचले पाहिजे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणागोटा व वैरण आताच उधळली तर ऐन पर्जन्यात काही मिळणार नाही, घोडी मरतील, मग तुम्ही रयतेच्या मागे लागाल. कोणी कुणब्याचे दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी फाटे, कोणी भाजीपाला. असे केले म्हणजे जे कुणबी घर धरून जीवमात्र घेऊन राहिले आहेत तेही जाऊ लागतील, कित्येक उपाशी मरतील, आणि त्यांस तुम्ही मोगलांहूनही वाईट वाटाल, असे त्यात बजावले आहे. लागेल ते बाजारात पैसे देऊन विकत घ्यावे. पुढे हे पत्र गवताच्या गंजीपर्यंत उतरते: कोणी चुली पेटवतील, कोणी वाऱ्यावर चिलीम ओढतील, रात्री दिवा तसाच राहिला तर उंदीर जळती वात ओढून नेईल आणि एका ठिणगीने सारी वैरण भस्म होईल. राज्याभिषेकाची सिद्धता ज्याच्या मनात घोळत होती त्या पुरुषाने उंदराने ओढलेल्या वातीचा विचार केला, याचे कारण त्या गंजीची एकेक पेंढी कोणी कापली, कोणी बांधली आणि ती जळाल्यावर भरपाई कोणाच्या दारी मागितली जाईल, हे त्यास नेमके ठाऊक होते.

या साऱ्या पत्रव्यवहारात मला शिरोमणी वाटते ते ५ सप्टेंबर १६७६ चे, आजच्या रत्नागिरी जिल्ह्यातील मामले प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांस लिहिलेले पत्र. सुभेदाराने गावोगाव स्वतः फिरावे, कुणबी गोळा करावे, ज्याच्या घरी जितके मनुष्यबळ असेल त्या मानाने त्यास जमीन नेमून द्यावी. ज्याला माणसे आहेत पण बैल नाहीत, नांगर नाही, पोटास दाणा नाही, तो त्यावाचून अडून निकामी होतो. त्यास दोन-चार बैलांपुरते रोख पैसे द्यावे, खावयास खंडी-दोन खंडी धान्य द्यावे, आणि त्याच्याने होईल तेवढे शेत करवावे. दिलेल्याची वाढी-दिढी घेऊ नये. मुद्दल तेवढे, तेही त्याची ऐपत येईल तसतसे हळूहळू उगवून घ्यावे. या कामी दोन लाख लारी नाण्यांपर्यंत खर्च झाला तरी चालेल. मागील बाकी कुणब्याच्याने देववतच नसेल तर ती माफ करावी. आणि हे सारे करताना सुभेदाराने रयतेच्या भाजीच्या देठाचाही लोभ धरू नये.

कोकणची शेती ज्याने पाहिली आहे त्यास या कलमांतील प्रत्येक शब्द कोठून आला हे कळेल. तेथे फाल्गुन-चैत्रात शेण, पालापाचोळा, कवळे व गवत यांचे थर रचून रोपाच्या जागी राब भाजावा लागतो. मृगात भाजलेल्या जमिनीवर भात पेरावयाचे. रोप हातभर होईतो भर पावसात खाचरे नांगरून चिखल करावयाचा, आणि मग कमरेत वाकून एकेक मूठ रोप उपटून लावावयाचे. चिखलणीच्या त्या थोड्या दिवसांत बैलजोडी नसली तर वर्ष गेले. लावणी उरकली तरी नवे भात घरात येईपर्यंत श्रावण-भाद्रपदाचे उपासमारीचे महिने काढावयाचे असतात, आणि कर्जबाजारी कुणबी बियाणे खाऊन टाकतो किंवा घर सोडतो तो याच दिवसांत. बैल आधी, दाणा त्याबरोबर, व्याज नाही, वसूल ऐपतीने: हा क्रम शेताच्या चक्रातूनच निघालेला आहे. कर्ज देणाऱ्याने आपल्या हप्त्यांचे वेळापत्रक पिकाच्या वेळापत्रकाशी जुळवून घ्यावे, हे तत्त्व त्या पत्रात तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी स्वच्छ लिहिलेले आहे.

हा विचार एका पुरुषाबरोबर लोपला नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडण्याविषयी जी कलमे आहेत त्यांत आंबा-फणसाच्या झाडांस हात लावू नये असे निक्षून सांगितले आहे. रयतेने ती झाडे लेकरांसारखी बहुत काळ जतन करून वाढविलेली असतात, आणि एखादे जीर्ण झालेले झाड लागलेच तर धन्यास राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. हे अमात्यपंत म्हणजे औरंगजेबाच्या स्वारीतील सर्वनाश डोळ्यांनी पाहिलेला मुत्सद्दी. १६८० नंतरच्या त्या सत्तावीस वर्षांत राजधानी गेली, छत्रपती मारले गेले, गादी जिंजीस न्यावी लागली, खजिना रिकामा झाला. आणि तरीही मराठ्यांची फौज दर हंगामात कोठून उभी राहत होती, हे कोडे मोगल सेनापतींस अखेरपर्यंत सुटले नाही. ती शिवारांतून उभी राहत होती. जाळलेल्या गावात परतून पुन्हा राब भाजणाऱ्या, लपवून ठेवलेल्या बियाण्याची मूठ पुन्हा मातीत टाकणाऱ्या घरांतून तिला दाणा, वैरण आणि माणूस मिळत होते.

जोतीराव फुल्यांनी १८६९ साली रचलेल्या पवाड्यात महाराजांस कुळवाडीभूषण म्हटले, तेव्हा इतिहासाचे एक विस्मृत पान त्यांनी वर काढले. परंतु भूषण ज्याचे, त्या कुळवाड्याकडे आपल्या इतिहासलेखनाचे लक्ष अजूनही पुरेसे वळलेले नाही. लढायांच्या तिथ्या आपण निश्चित केल्या, किल्ल्यांचे नकाशे काढले. गावोगावच्या दप्तरांतील कौलनामे, लावणीचे झाडे, तगाईचे हिशेब यांतून नांगरधारी माणसाचे चरित्र उभे करण्याचे काम मात्र फार थोड्यांनी हाती घेतले. ते झाल्यावाचून मराठी राज्याचा इतिहास पुरा झाला असे म्हणता येणार नाही. ज्यांनी गतकुळी जमिनीतली हरळी वेचली, अर्धपोटी राहून बियाणे राखले आणि कौलाच्या एका कागदावर विश्वास ठेवून ओस पांढरीवर पुन्हा चूल पेटविली, ते स्वराज्याचे लाभार्थी नव्हते, संस्थापक होते. आणि संस्थापकांशी राज्याने कसे वागावे, याचा शिरस्ता प्रभावळीच्या सुभेदारास लिहिलेल्या त्या पत्रात आपणांस घालून दिलेला आहे. शेतकऱ्याच्या पदरी बैल, बी आणि दाणा वेळेवर पोहोचतो की नाही, त्याच्याकडून घेणे त्याच्या ऐपतीने घेतले जाते की नाही, आणि त्याच्या भाजीच्या देठाचा लोभ कोणी धरतो की काय, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक पिढीच्या राज्यकर्त्यांकडून मागणे हाच त्या कुणब्यांच्या ऋणातून उतराई होण्याचा मार्ग आहे.